एचपीव्ही चाचणी: विषाणू सापडला, पण किती मोजायचा?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एखादा विषाणू असावा, हा संशय जुना. बरीच वर्षे बोट हर्पिसकडे दाखवले जात होते. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये एचपीव्ही १६ (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा १६ क्रमांकाचा प्रकार) आणि १९८४ मध्ये एचपीव्ही १८ शोधून दाखवला, तेव्हा दिशा बदलली. त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. विषाणूचा डीएनए ओळखण्याच्या तेव्हाच्या सदर्न ब्लॉट पद्धतीला मात्र भरपूर डीएनए आणि काही दिवस लागत. रोजच्या तपासणीत ते परवडणारे नव्हते.

डीएनएच्या असंख्य प्रती काढणारे पीसीआर तंत्र आले आणि उलटीच अडचण उभी राहिली. विषाणूच्या मोजक्या प्रतीही सापडू लागल्या, त्यामुळे निरोगी स्त्रियांचेही अहवाल पॉझिटिव्ह येऊ लागले. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप दबतात. म्हणजे चाचणी जितकी तीक्ष्ण, तितक्या विनाकारण कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी.

हायब्रिड कॅप्चर २ या चाचणीने हा तिढा बराचसा सोडवला. अमेरिकेत २००३ मध्ये तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी पॅप तपासणीच्या (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या) जोडीने ती वापरायला परवानगी मिळाली. नमुना अल्कलीत ६५ अंश सेल्सिअसला ४५ मिनिटे ठेवला की डीएनएचे दोन धागे सुटतात. मग १३ जोखमीच्या प्रकारांचे आरएनए प्रोब (जुळणारा डीएनए शोधणारे तुकडे) त्यांना चिकटतात, ही जोडी प्रतिपिंडांनी पकडली जाते आणि प्रकाश मोजला जातो. उंबरठा ठरला मिलिलिटरला १ पिकोग्रॅम. नळीच्या भिंतीवर थेंब अडकून राहिला तर त्यातला डीएनए सुटत नाही, म्हणून ढवळणे नीट व्हावे लागते. हिच्या दोन खोडी प्रसिद्ध आहेत. कमी जोखमीच्या काही प्रकारांशीही प्रोब चिकटतात. आणि नळीत मुळात पेशी आहेत की नाहीत, हे ही चाचणी सांगत नाही. रिकामा नमुना सरळ 'निगेटिव्ह' ठरतो.

पुढच्या रिअल-टाइम पीसीआर किटमध्ये म्हणूनच बीटा-ग्लोबिनसारखे मानवी जनुक सोबत तपासले जाते. ते उमटले नाही तर अहवाल 'अवैध'. १६ आणि १८ वेगळे, बाकीचे १२ एकत्र, अशी विभागणीही तिथेच रुळली. प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) विषाणूच्या एल१ या जनुकाच्या भागावर बेतले असतील तर एक धोका उरतो: विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात शिरताना तो भाग कधी गळतो. ई६-ई७ ही विषाणूची जनुके सहसा टिकतात, कारण पेशीची कर्करोगी वाढ त्यांच्यावरच चालते.

नव्या चाचण्यांसाठी २००९ मध्ये निकष ठरले. त्यांची संवेदनशीलता (आजार असेल तर पकडण्याची क्षमता) हायब्रिड कॅप्चर २ च्या निदान ९० टक्के हवी, पण विशिष्टता (आजार नसेल तर निगेटिव्ह सांगण्याची क्षमता) निदान ९८ टक्के. कशाची चूक जास्त महाग पडते, हे आकड्यांतच दिसते. त्याच वर्षी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचे निकाल आले: एकाच फेरीतल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच पहिली चाचणी म्हणून सुचवली.

स्त्रीने स्वतः योनीतून घेतलेल्या नमुन्यात हा उंबरठा पुन्हा आड येतो. गर्भाशयमुखाच्या पेशी त्यात कमी असतात. पीसीआर तरीही टिकते, हायब्रिड कॅप्चरसारख्या चाचण्या मागे पडतात.