पडद्याला वास नसतो

रविवारी दुपारी घरात 'रॅटटूई' लागला होता. पिक्सारच्या २००७ सालच्या या अ‍ॅनिमेशनपटात रेमी नावाचा उंदीर वांगी, टोमॅटो आणि झुकिनीच्या पातळ चकत्या गोलाकार रचतो, वर कापलेला कागद ठेवतो आणि भट्टीत सारतो. पुढे तो पदार्थ एका कडक समीक्षकाच्या पुढ्यात येतो आणि पहिल्याच घासाला तो समीक्षक लहानपणीच्या घरी, आईच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पोहोचतो. लेक म्हणाली, "आई, हे आपण करूया ना." आतून सासूबाईंनी विचारलं, "करा की. पण त्यात घालायचं काय काय?"

प्रश्न अगदी नेमका होता. पडद्यावरून आपल्यापर्यंत फक्त उजेड आणि आवाज येतो. वास, चव, चटका यांतलं काहीही येत नाही. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट केला, तेव्हा तर आवाजही नव्हता. त्या कथेतला भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव नावानं राबत असतो. त्याच्या रांधण्याचा दरवळ प्रेक्षकांनी मनानंच घ्यायचा. शिवाय डोळे सहज फसतात. १९२५च्या 'द गोल्ड रश'मध्ये चार्ली चॅप्लिन बूट उकळून चवीनं खातो. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केलेला होता.

म्हणून सिनेमातला पदार्थ घरी करताना मी सामानाची यादी शोधण्याआधी चित्र थांबवून बघते. चमक कशाची आहे? कडा तांबूस झाल्यात का? रस दाट आहे की पातळ? या प्रत्येक खुणेमागे एक रासायनिक किंवा भौतिक क्रिया असते. ती ओळखता आली की परदेशी जिन्नस मिळाला नाही तरी फार अडत नाही.

रेमीच्या पदार्थाचं नाव काँफी बियाल्दी. फ्रेंच शेफ मिशेल गेरार यांनी १९७०च्या दशकात तो मांडला आणि या चित्रपटासाठी अमेरिकी शेफ थॉमस केलर यांनी त्याला पडद्यावरचं रूप दिलं. खाली भाजलेल्या ढोबळी मिरचीचा आणि टोमॅटोचा दाट रस, वर भाज्यांच्या चकत्या.

पहिल्या खेपेला माझं चुकलं. चकत्या हातानं कापल्या, काही जाड, काही पातळ. आणि घाईनं ओव्हन दोनशे अंशांवर ठेवला. कडा वाळल्या आणि मध्ये झुकिनीऐवजी घातलेला दुधी कच्चा राहिला. उष्णता पदार्थाच्या आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चकती दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट. दोन मिलिमीटरची चकती आणि चार मिलिमीटरची चकती शेजारी ठेवली, तर एक गळून जाते तेव्हा दुसरी अजून करकरीत असते. पडद्यावर सगळ्या चकत्या एकसारख्या दिसतात, त्याचं खरं कारण हे आहे. सौंदर्य त्यातून आपोआप येतं. दुसऱ्यांदा मी किसणीच्या चकत्यांच्या पात्यावर सगळं कापलं.

दुसरी गोष्ट मला सासूबाईंनी लक्षात आणून दिली. "टोमॅटोच्या रसात ठेवलंस ना, मग वेळ लागणारच. आमटीत चिंच आधी पडली तर डाळ शिजते का?" शंभर टक्के बरोबर. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतात त्या पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्यामुळे. साधारण ८५ अंशांच्या वर ते सैल होऊन विरघळायला लागतं आणि भाजी मऊ पडते. आंबट माध्यमात पेशीभित्तिका लवकर सैल होत नाहीत. म्हणूनच केलर यांची कृती १३५ अंशांच्या आसपास, मंद आचेवर आणि तासांच्या हिशेबात चालते. डाळीतली चिंच आणि फ्रान्सच्या चकत्या एकाच नियमानं बांधलेल्या आहेत, हे कळल्यावर मला फार आनंद झाला.

आणि तो कागद? ओली भाजी कितीही गरम ओव्हनमध्ये ठेवली तरी तिच्यातलं पाणी संपेपर्यंत तिचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपुढे जात नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं तो बिंदू ९८ अंशांच्या जवळपास. कागदाखाली वाफ कोंडते, चकत्या स्वतःच्याच पाण्यात शिजतात, वरून कोरड्या पडत नाहीत. शेवटचा अर्धा तास कागद काढला की पृष्ठभाग सुकतो, तापमान चढतं आणि कडा तांबूस होतात. शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातली ही क्रिया लुई कामीय मेयार यांनी १९१२ साली मांडली. भाकरीच्या पापुद्र्यावरचे खरपूस डाग त्याच क्रियेचे, आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या रंगातही तिचा वाटा असतो.

त्या दिवशी कपिलतीर्थ मंडईत मला झुकिनी मिळाली नाही. तिचं काम काय, एवढंच मी पाहिलं: भरपूर पाणी, सौम्य चव, लवकर मऊ होणारा गर. काकडीएवढ्या जाडीचा कोवळा दुधी ते काम चोख करतो. वांगी भरताची नकोत, लांबट आणि बारीक हवीत, म्हणजे चकत्या टोमॅटोच्या मापात बसतात. कापून मीठ लावून ठेवली की वांग्याच्या स्पंजासारख्या गरातली हवा निघते आणि तेल कमी प्यायलं जातं. राहिला थाईमचा पाला. त्याचा ओळखीचा वास थायमॉल या द्रव्याचा, आणि हेच थायमॉल आपल्या ओव्यात भरपूर असतं. चिमूटभर ओवा चुरडून घातला. जास्त घातला असता तर भज्यांचा वास आला असता.

समीक्षकाच्या त्या घासाबद्दलही सांगायला हवं, कारण तो प्रसंग शरीरशास्त्राला धरून आहे. चावताना अन्नातले सुगंधी रेणू घशाच्या मागून नाकात चढतात; आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा या मागच्या वाटेनं आलेल्या वासाचा. सर्दी झाली की रस्सा सपक लागतो तो यामुळे. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, आहेत. या ग्राहकांच्या शोधासाठी लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४चं नोबेल मिळालं. बाकीच्या इंद्रियांचे संदेश आधी मेंदूच्या थॅलॅमस या ठाण्यावर थांबतात. वासाचा संदेश मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे जवळपास थेट जातो. म्हणून एखाद्या घासासरशी माणूस चाळीस वर्षं मागे जाऊ शकतो.

'गुडफेलाज' (१९९०) मधला लसणाचा प्रसंग याच्या मानानं छोटा. तुरुंगातला एक म्होरक्या दाढीच्या पात्यानं लसूण इतका पातळ कापतो की तो तेलात विरघळतो, असं त्यात सांगितलं जातं. मी करून पाहिलं. लसूण पारदर्शक आणि मऊ झाला, विरघळला नाही. पण चव खरोखर वेगळी आली. लसणाची पेशी फुटली की अ‍ॅलिनेज हे विकर (एन्झाइम) अ‍ॅलिन या द्रव्यावर काम करून तिखट झणका असलेलं अ‍ॅलिसिन बनवतं. खर्डा रगडताना असंख्य पेशी चिरडतात, म्हणून तो नाकात जातो. धारदार पातं त्या मानानं कमी पेशी फोडतं आणि मंद तेलात विकर लवकर निकामी होतं. उरतो तो गोडसर, शांत लसूण.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जूझो इतामी यांचा १९८५चा जपानी चित्रपट, 'टॅम्पोपो'. त्यात एक वृद्ध जाणकार तरुणाला रामेन, म्हणजे गरम रसातल्या जपानी शेवया, कसं खायचं ते शिकवतो आणि सुरुवात बघण्यापासून करतो: आधी वाडगा नीट न्याहाळायचा, रसावर चमकणारे चरबीचे थेंब पाहायचे. कोल्हापूरकराला हे शिकवावं लागत नाही. मिसळीचा कट आपण आधी नजरेनंच मोजतो. मिरचीचा लाल रंग कॅरोटिनॉइड द्रव्यांचा, तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तिखटपणाचं कॅप्सेसिनही तेलातच रमतं. म्हणून वर तरंगणारा कट रंगानं आणि झणक्यानं खालच्या रश्शापेक्षा वरचढ असतो.

रामेनचा रस हाडं तासन् तास उकळून होतो. त्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाचं जिलेटिन होतं आणि ओठ किंचित चिकटतात. मटणाच्या अळणी पाण्यात हाच गुण असतो. डुकराच्या हाडांचा एक प्रकारचा रस दुधासारखा पांढरा दिसतो, कारण जोरदार उकळीनं चरबीचे सूक्ष्म थेंब रसात विखुरतात आणि प्रकाश सगळीकडे उधळतात. पांढऱ्या रश्शात तेच काम नारळाचं दूध करतं. फरक एवढाच की तिथं जोरदार उकळी आणली तर ते फुटतं.

नूडल्सना मात्र युक्ती लागते. रामेनच्या मैद्यात क्षार, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं अल्कली द्रव्य, असतो. त्यानं मैद्यातलं ग्लूटेन हे प्रथिन घट्ट होऊन शेवया चिवट होतात आणि मैद्यातली रंगहीन द्रव्यं पिवळसर होतात. हा क्षार घरी करायचा तर खाण्याचा सोडा काचेच्या थाळीत पसरून १२० अंशांवर तासभर तापवा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन सोडियम कार्बोनेट उरतं, वजन एक तृतीयांशाहून थोडं जास्त घटतं. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, आणि ही भुकटी हाताला लागू देऊ नका. पाव किलो मैद्याला अडीच ग्रॅम पुरते. पिठात हळद मात्र घालू नका, क्षारानं ती लाल होते. मी हे मुद्दाम चिमूटभर पिठावर लेकीला करून दाखवलं.

परवा रात्री आम्ही अळणी पाण्यात त्या शेवया घातल्या, वर अर्धं उकडलेलं अंडं आणि चमचाभर कट. सासूबाईंनी चमचा उचलला तेवढ्यात लेक म्हणाली, "आजी, थांब. आधी बघायचं." तिघी वाडग्यात डोकावलो. लाल थेंब एकमेकांना चिकटून मोठे होत होते, वाफ त्यांच्यामधून वर येत होती.