आवडीची चाचणी काय सांगते आणि काय नाही

'फरशी बसवणे.' 'पाण्याचं प्रदूषण कमी करण्याचे उपाय अभ्यासणे.' अमेरिकेच्या कामगार खात्याच्या एका प्रश्नावलीत अशी ६० कामं दिली आहेत. प्रत्येकापुढे 'खूप आवडेल' ते 'अजिबात आवडणार नाही' यांपैकी एक खूण करायची. सोबतची सूचना फार शहाणपणाची आहे: त्यासाठी शिक्षण किती लागेल आणि पैसे किती मिळतील, याचा विचार करू नका. घरात करिअरचा विषय निघाला की नेमक्या याच दोन गोष्टी सगळ्यांत आधी पुढे येतात!

या प्रश्नावलीमागचा सिद्धांत जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. दुसऱ्या महायुद्धात लष्करात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घेताना त्यांना जाणवलं, की माणसांच्या आवडीनिवडी मोजक्याच साच्यांत बसतात. १९५९ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली आणि पुढे तिचे सहा गट पक्के झाले: हातांनी व अवजारांनी काम करणारे, शोधक, कलात्मक, लोकांना शिकवण्यात-सावरण्यात रमणारे, पुढाकार घेऊन इतरांना पटवणारे आणि नोंदी-हिशेबांत नेटकेपणा जपणारे. कुणीच पूर्णपणे एका गटातलं नसतं, म्हणून सहसा सर्वाधिक गुण मिळालेले तीन गट पाहतात.

इथे पालकांची एक गफलत होते. ते क्षेत्र निवडतात, चाचणी मात्र कामाची आवड मोजते. 'वैद्यकीय क्षेत्र' हा एकच शब्द घ्या. त्यात नमुने तपासणारा शोधक आहे, व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट आहे, स्कॅनिंगचं यंत्र दुरुस्त करणारा तंत्रज्ञ आहे, रुग्णालय चालवणारी व्यवस्थापक आहे, रुग्णांच्या नोंदी ठेवणारा आहे आणि पाठ्यपुस्तकांसाठी शरीररचनेची चित्रं काढणारी चित्रकारही आहे. सहाही गट एकाच छपराखाली! जीवशास्त्र आवडतं म्हणून डॉक्टर, असं गणित मांडलं की यांतली पाच दारं न बघताच बंद होतात.

बरं, आवड जुळली की माणूस कामात खूश राहतो का? राहतो, पण वाटतं तितका नाही. शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये झालेल्या विश्लेषणात आवडीची जुळणी आणि समाधान यांचा सहसंबंध अवघा ०.१९ निघाला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). पगार, वरिष्ठांची वागणूक, सहकारी हेही समाधानात वाटा घेतातच. आवड जुळली तर माणूस काम अधिक चांगलं करतो आणि तिथे टिकतो, याला मात्र बऱ्यापैकी पुरावा आहे.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. जे कधी पाहिलंच नाही, त्यापुढे मूल 'आवडेल' अशी खूण कशी करणार? ज्या मुलीच्या हाती कधी पाना दिलाच नाही, तिचे अवजारांच्या गटातले कमी गुण नावडीचे की अनुभव नसल्याचे, हे निकालाचा कागद सांगू शकत नाही. म्हणून चाचणीआधी चार कामं करून बघू द्यावीत. निकाल आल्यावर त्यातलं एखादं काम करणाऱ्या माणसाला गाठावं आणि 'यात स्कोप किती?' याऐवजी विचारावं: काल दिवसभर काय केलंत, आणि त्यातलं कंटाळवाणं काय होतं? त्यांचं कंटाळवाणं ऐकूनही मुलाला ते करून बघावंसं वाटलं, तर ती खूण कागदावरच्या गुणांपेक्षा जास्त भरवशाची.