जुनी रिओहा: पिकलेली की बिघडलेली?

स्पेनमधल्या रिओहा भागातल्या रेड वाइनची वीस-पंचवीस वर्षांची ग्रान रेसेर्वा (सर्वात जास्त मुरवलेला प्रकार) उघडली की पहिल्याच वासाला काही जण "गेली ही" म्हणून मोकळे होतात. उलटही घडतं. खरोखर गेलेली बाटली "जुनी आहे, अशीच लागणार" असं म्हणत संपवली जाते. दोन्हींत रंग विटकरीकडे झुकलेला, ताजं फळ मागे सरलेलं आणि सुकामेव्याचा वास, त्यामुळे गफलत होणारच. पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. अर्धा तास थांबलं की बहुतेक वेळा वाइन स्वतःच सांगते.

पारंपरिक रिओहाचा जुनेपणा मुद्दाम घडवलेला असतो. ग्रान रेसेर्वाला नियमानं एकूण किमान ६० महिने मुरवावं लागतं, त्यातली किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात. आरो गावातली लोपेझ दे एरेदिया (स्थापना १८७७) आणि ला रिओहा आल्ता (१८९०) ही वाइन बनवणारी जुनी घराणी पिंपात याहून बरीच जास्त वर्षं ठेवतात. २२५ लिटरची पिंपं, तीही अमेरिकन ओकची. ठरावीक काळानं वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढतात, गाळ मागे राहतो आणि दर वेळी थोडी हवा लागते. तरुणपणीच अशी बेताची हवा पचवलेली असल्यामुळे तिच्यात आक्रोड, कॅरॅमल, चामडं, तंबाखूचं पान हे वास येतात. नारळ, व्हॅनिला आणि शेपू हे ओककडून आलेले. यातलं काहीही दोष नाही.

चव घेण्याआधीची तयारी नीट नसेल तर चांगली बाटलीही वाईट वाटते. आडवी ठेवलेली बाटली एक-दोन दिवस आधी उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. जुनं बूच मधोमध तुटतं, म्हणून शक्यतो दोन पातळ पात्यांचा ओपनर वापरा. बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, एका दमात, सावकाश ओता आणि गाळाची रेघ मानेशी आली की थांबा. तिथे तासन् तास ठेवू नका, नाजूक वाइनचा वास तिथेच उडून जातो. तापमान १६ ते १८ अंश, ग्लासात ५०-६० मिली पुरे.

आता ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. पिकलेल्या वाइनची कड विटकरी-नारिंगी असते, मध्यभाग अजून लालसर आणि सगळ्याला चकाकी. फिका रंग हा दोष नव्हे. हवेनं बिघडलेली वाइन मध्यापासून कडेपर्यंत तपकिरी आणि निस्तेज दिसते. गढूळपणावर मात्र जाऊ नका, तो नुसता हललेला गाळ असू शकतो.

वासाची परीक्षा दोनदा घ्या: ओतल्याबरोबर आणि मग वीस-तीस मिनिटांनी. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या बाटलीला सुरुवातीला कोंदट वास येतो. पिकलेल्या वाइनमध्ये तो विरतो आणि खालून सुकी चेरी, संत्र्याची साल, ओल्या पाचोळ्याचा वास वर येतो. बिघडलेलीत कापून काळं पडलेल्या सफरचंदाचा वास असतो. तो जात नाही, आणि उरलंसुरलं फळ मात्र जातं. बुचाचा दोष वेगळा. टीसीए नावाच्या संयुगामुळे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि हवा लागली की तो अधिकच जाणवतो. प्रमाण अगदी कमी असेल तर पुठ्ठा जाणवतच नाही, फक्त वाइन मुकी वाटते. तेव्हा शेजारी दुसरी बाटली असल्याशिवाय खात्री करणं कठीण.

व्हिनेगरची किंचित झाक या शैलीत पूर्वापार चालत आली आहे आणि ती वासाला उठावच देते. पण नेलपॉलिश रिमूव्हरचा वास फळावर चढून बसला, तर तो दोषच.

तोंडात घेतल्यावर सर्वात भरवशाची खूण म्हणजे शेवट. पिकलेल्या वाइनचा तुरटपणा मऊ झालेला असतो, आंबटपणा जिवंत असतो आणि गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते. बिघडलेलीत फळ मधेच तुटतं, मागे कोरडा कडवटपणा आणि एकटा पडलेला आंबटपणा उरतो.

विकत घेतानाच काही गोष्टी दिसतात. वीस वर्षांपुढच्या बाटलीत वाइनची पातळी बाटलीच्या खांद्याच्या (मानेखालच्या उताराच्या) वरच्या टोकाशी असली तरी चालतं. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर धोका. वर सरकलेलं बूच आणि टोपणाखाली चिकट ओघळ म्हणजे बाटलीनं बहुधा उष्णता सोसली आहे. स्पेनहून आणलेली बाटली मुंबई-पुण्याच्या मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवली तर हीच गत होते. १२ ते १४ अंशांची, तापमान सारखं वर-खाली न होणारी अंधारी जागा नसेल, तर अशी वाइन साठवू नका, लवकर उघडा.