ज्यूंचं कफन साधं का असतं?

ज्यू माणूस गेला की त्याला आंघोळ घालून साधं पांढरं कफन घालतात. त्याला खिसा नसतो, जरीकाम नसतं. सावकार असो की हमाल, कापड तेच. आज हे त्या धर्माचं मूळ रूप वाटतं, पण ही समानता ठरवून आणावी लागली आहे.

तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या ‘मोएद कातान’ या भागात त्याची हकिकत आहे. पूर्वी श्रीमंतांच्या प्रेताचा चेहरा उघडा ठेवत आणि गरिबांचा झाकत, कारण उपासमारीने गरिबांचे चेहरे काळवंडलेले असत. जिवंत गरिबांना त्याची लाज वाटे. म्हणून सगळ्यांचेच चेहरे झाकायचे ठरलं. श्रीमंताच्या घरी सांत्वनाचं जेवण सोन्याचांदीच्या टोपल्यांतून जाई, गरिबाच्या घरी वेताच्या. तिथेही सर्वांसाठी वेताचीच टोपली ठरली. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते, की प्रत्येक वेळी श्रीमंताला गरिबाच्या रीतीवर आणलं गेलं.

कफनाची गोष्ट तर अधिक भीषण आहे. अंत्यविधीचा खर्च नातेवाइकांना मरणापेक्षा जड होई. काही जण प्रेत तिथेच टाकून पळून जात. तेव्हा समाजाचे प्रमुख रब्बान गमलीएल यांनी स्वतःचा मान बाजूला ठेवला आणि त्यांना साध्या लिननच्या कपड्यांत पुरण्यात आलं. लोकांनी तीच रीत उचलली. शोकाच्या घरी त्यांच्या नावाने द्राक्षारसाचा एक जादा पेला घेण्याची प्रथाही पडली. पण असे पेले वाढत जाऊन लोक झिंगू लागले, तेव्हा ती बंद करावी लागली. चौथ्या शतकातले धर्मपंडित राव पापा सांगतात, की आता एका झूझला, म्हणजे एका लहानशा चांदीच्या नाण्याला मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडातही लोक पुरतात.

सात दिवसांचा शोक, ‘शिवा’, याहून जुना. योसेफाने बाप याकोबासाठी सात दिवस शोक केल्याचं बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातच आहे.

पुढे प्रेताला आंघोळ घालण्यापासून पुरण्यापर्यंतचं काम ‘हेव्रा कादिशा’ नावाची स्वयंसेवी मंडळं करू लागली. प्रागचं मंडळ १५६४ सालचं. कबरीवरच्या दगडांना मात्र हा नियम पुरता लागू झाला नाही. प्रागच्या जुन्या दफनभूमीत १६२८ साली वारलेल्या हेंडल बासेवी या धनाढ्य बाईंची कोरीव, सिंहांच्या मूर्ती असलेली कबर आहे, आणि आसपास साध्या शिळांची दाटी.