पाकिटातली टिप, पॅकेजातली दारू

क्रूझच्या जाहिरातीत छापलेले भाडे आणि प्रवास संपताना हाती येणारे बिल यांच्यात बरीच मोठी दरी असते. तिच्यात दोन रकमा हमखास सापडतात, रोजची टिप आणि पेयांचे पॅकेज, म्हणजे दिवसाला ठरावीक रक्कम भरून बारमध्ये प्यायची मुभा. अमेरिकी बाजारातल्या बड्या कंपन्या साध्या केबिनमधल्या प्रत्येक माणसाच्या खात्यावर दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर टिपेपोटी चढवतात. बारमधल्या प्रत्येक पेल्यावर १८ ते २० टक्के वेगळे. प्रवाशांत यावरून कायम दोन तट पडतात. एकाला वाटते, टिप ही खुशीची गोष्ट, ती परस्पर कापायचा अधिकार कंपनीला कुणी दिला? दुसरा म्हणतो, केबिन आवरणाऱ्याचे पोट त्यावर चालते, दहा-वीस डॉलरसाठी काउंटरवर हुज्जत घालणे शोभत नाही. दोघांचेही खरे आहे. पण पगाराचा भार टिपेवर पडला कसा, याची गोष्ट सांगताना दारूची गोष्ट टाळता येत नाही.

सुरुवात ब्रिटिश टपाल बोटींपासून करू. सॅम्युअल क्युनार्ड यांची 'ब्रिटानिया' ४ जुलै १८४० रोजी लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स आणि बोस्टनकडे निघाली. त्या काळातल्या बोट-कंपन्यांच्या जाहिराती आज वाचल्या तर गंमत वाटते. केबिनच्या भाड्यात जेवण आणि वाइन दोन्ही धरलेले असे, आणि स्टुअर्डची, म्हणजे केबिनमध्ये आणि जेवणाच्या टेबलावर सेवा करणाऱ्या नोकराची, फी कित्येकदा भाड्याखालीच वेगळ्या ओळीत छापलेली असे. पूर्वेकडे जाणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या दरपत्रकात तर ही फी आणि वाइन दोन्ही भाड्यातच जमा होती. म्हणजे आज 'सर्वसमावेशक' म्हणून विकले जाते ते विक्टोरियन काळात पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला गृहीत होते.

ही पद्धत टिकली नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, बोटी वाढल्या, स्पर्धा वाढली, आणि भाड्याचा आकडा खाली दिसायला हवा होता. भाड्यातून काढायला सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे दारू. न पिणाऱ्याने पिणाऱ्याचा खर्च का सोसायचा, हा युक्तिवादही तयारच होता. वाइनचे बिल वेगळे झाले. स्टुअर्डची छापील फीही हळूहळू दिसेनाशी झाली आणि तिची जागा प्रवाशाच्या मर्जीने घेतली.

मर्जीवर सोपवलेली ही व्यवस्था किती पक्की झाली होती, ते 'टायटॅनिक'वरून कळते. १९१२ मध्ये तिच्यावरच्या साध्या स्टुअर्डचा पगार महिन्याला ३ पौंड १५ शिलिंगच्या आसपास होता. घर चालायचे ते बक्षिसीवर. म्हणून पहिल्या वर्गातली नेमणूक मिळवण्यासाठी धडपड असे. धूम्रपानाच्या दालनातली जागा विशेष लाभाची, कारण बोटीने दिवसभरात किती मैल कापले यावर तिथे पैजा लागत आणि जिंकणारा त्या दालनाच्या स्टुअर्डला सैल हाताने देत असे. बोट १५ एप्रिलच्या पहाटे बुडाली आणि त्याच क्षणी कर्मचाऱ्यांचा पगारही थांबला, कारण ब्रिटिश कायद्यानुसार जहाज गेले की मजुरी संपली. लाटांवर नावेत थरथरत बसलेला माणूस हिशेबाने त्या वेळी बेकार होता. जहाज बुडाल्यास खलाशाला दोन महिन्यांपर्यंत बेकारीची भरपाई द्यावी, असा आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९२० साल उजाडावे लागले.

त्याच वर्षी अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. आजच्या क्रूझ-व्यवसायाचा पाया कुठे पडला असे कुणी विचारले तर मी बोट ठेवीन ते पुढच्या दोन-तीन वर्षांवर.

बंदी जमिनीवर होती, पण समुद्राचे काय? ऑक्टोबर १९२२ मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने मत दिले की अमेरिकी झेंड्याची बोट जगात कुठेही असो, तिच्यावर दारू चालणार नाही. अटलांटिकवर क्युनार्ड आणि इतर युरोपीय कंपन्यांचे बार सुरूच होते. दोन बोटींची तिकिटे समोर ठेवली, एकीवर शॅम्पेन आणि दुसरीवर लिंबू सरबत, तर प्रवासी कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. युनायटेड अमेरिकन लाइन्सने यावर सरळ तोडगा काढला. १९२२ मध्येच 'रिलायन्स' आणि 'रेझोल्यूट' या आपल्या दोन प्रवासी बोटींची नोंदणी तिने पनामात हलवली. मालक अमेरिकी, ग्राहक अमेरिकी, झेंडा पनामाचा. सोयीचा झेंडा ही युक्ती नंतर तेलवाहू आणि मालवाहू जहाजांत सर्वत्र पसरली, पण तिच्या आरंभीच्या ठळक उदाहरणांपैकी एक घडले ते प्रवाशांना पेला देता यावा म्हणून.

पुढच्या वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९२३ च्या क्युनार्ड विरुद्ध मेलन खटल्यात न्यायालयाने दोन गोष्टी ठरवल्या. अमेरिकेच्या सागरी हद्दीत परक्या बोटीवरही दारू बाळगता येणार नाही, मग ती सीलबंद का असेना. आणि हद्दीबाहेर अमेरिकी बोटीला बंदी लागू नाही. पहिल्या मुद्द्यावर युरोपीय देश खवळले. १९२४ च्या ब्रिटनशी झालेल्या करारात वाट निघाली, ती अशी की दारू हद्दीत आणा, पण कुलपात. सरकारी मालकीच्या 'लेव्हायथन'सारख्या अमेरिकी बोटी तरीही बराच काळ कोरड्याच राहिल्या आणि त्याची किंमत प्रवाशांच्या संख्येत मोजत राहिल्या. मंदीच्या वर्षांत न्यूयॉर्कहून कुठेच न जाणाऱ्या सहली निघू लागल्या. बोट हद्दीबाहेर जायची, बार उघडायचा, दोन-चार दिवसांनी बोट परत. बंदर पाहायला कुणी येतच नव्हते, बोट हेच ठिकाण होते. तसे पाहिले तर केवळ सहलीसाठी बोट नेण्याची कल्पना जुनी. जर्मनीच्या आल्बर्ट बालिन यांनी १८९१ मध्येच 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' भूमध्य समुद्रात फिरवली होती. पण स्वस्त, छोटी आणि बारभोवती फिरणारी क्रूझ ही दारूबंदीची देणगी.

डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली. परका झेंडा मात्र राहिला, कारण तोवर त्याचे इतर फायदे लक्षात आले होते. जहाजावर कायदा चालतो तो झेंड्याच्या देशाचा. पनामामागून लायबेरिया आले, पुढे बहामा. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केळी वाहणाऱ्या होंडुरास-ध्वजाच्या बोटींच्या खटल्यात निर्णय दिला की परक्या झेंड्याखालच्या परक्या कर्मचाऱ्यांना अमेरिकेचा कामगार-संघटना कायदा लागू होत नाही. किमान वेतनाच्या कायद्यातूनही अमेरिकेबाहेर नोंदलेल्या जहाजांवरचे खलाशी वगळलेले आहेत. दारूसाठी उघडलेल्या दारातून पगाराचा प्रश्न असा निसटून गेला.

निर्णयाची वेळही मोक्याची होती. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत लाइनर, म्हणजे ठरल्या मार्गावर प्रवासी नेणाऱ्या, बोटी ओस पडू लागल्या. १९६६ च्या डिसेंबरात 'सनवर्ड' मायामीहून निघाली आणि आज जिला नॉर्वेजियन क्रूझ लाइन म्हणतात तिचा जन्म झाला. १९६८ मध्ये रॉयल कॅरिबियन, १९७२ मध्ये कार्निव्हल. कार्निव्हलची पहिली बोट 'मार्दी ग्रा' पहिल्याच फेरीत मायामीजवळ वाळूत रुतली. किनाऱ्यावरून माणसे पाहत होती, बोटीवरचे प्रवासी मात्र बारमध्ये मजेत होते. तिथल्या बारमनने 'मार्दी ग्रा ऑन द रॉक्स' नावाचे पेय काढले अशी कथा कंपनीच्या इतिहासात अजून सांगितली जाते. रुतलेल्या बोटीवरही धंदा चालला, यातून कंपनीने काय धडा घेतला असेल ते पुढे दिसलेच.

या नव्या बोटींवर काम करायला कॅरिबियन बेटे, मध्य अमेरिका, फिलिपीन्स, इंडोनेशिया, भारत अशा देशांतून माणसे आली. मूळ पगार थोडा, बाकी टिप. टिपेचा विधी शेवटच्या रात्री होई. केबिनमध्ये छोटी पाकिटे ठेवलेली असत, सोबत सूचनापत्र. रोजचे साडेतीन डॉलर केबिन स्टुअर्डला, तितकेच वेटरला, दोनेक डॉलर त्याच्या मदतनिसाला, असा नव्वदच्या दशकातला एक प्रचलित दर. आठवडाभर तेच टेबल, तोच वेटर. त्याला तुमच्या मुलांची नावे पाठ आणि तुम्हाला त्याच्या. निरोपाच्या जेवणात वेटर बेक्ड अलास्का या आइस्क्रीमच्या गोड पदार्थाची तबके नाचवत मिरवणूक काढत, टाळ्या पडत आणि पाकिटे हातोहात जात. हौशी प्रवासी या रात्रीच्या आठवणी काढून हळहळतात. त्याच रात्री काही टेबले नेमकी रिकामी राहत, हे त्या आठवणींत सहसा येत नाही. आठवडाभर सेवा घेऊन शेवटच्या संध्याकाळी बुफेकडे पळ काढणारे प्रत्येक फेरीत असत.

हॉलंड अमेरिका लाइनने वेगळी वाट धरली होती. 'टिप आवश्यक नाही' हे तिचे कित्येक वर्षांचे ब्रीद. लोक तरीही देत, पण पाकिटांची सक्ती नव्हती. २००४ मध्ये तेही संपले.

पाकिटे मोडीत निघाली ती जेवणाच्या वेळांमुळे. २००० साली नॉर्वेजियनने 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' आणले. हवे तेव्हा, हवे त्या रेस्टॉरंटमध्ये जेवा. रोज वेटर वेगळा, मग पाकीट द्यायचे कुणाला? म्हणून माणशी दिवसाला दहा डॉलर सेवाशुल्क थेट खात्यावर. बाकीच्या कंपन्या एकेक करून त्याच वाटेने गेल्या. रॉयल कॅरिबियनने २०१३ मध्ये स्वयंचलित आकारणी सरसकट लागू केली. रक्कम आता दोन-तीन माणसांपुरती राहिली नाही, पडद्यामागे भांडी घासणाऱ्या किंवा धुलाईघरात राबणाऱ्यांपर्यंतही तिचा वाटा जातो असे कंपन्या सांगतात. हे न्याय्य वाटते. पण त्यात एक खोच आहे. जो खर्च एरवी मालकाच्या पगारपत्रकात असता तो प्रवाशाच्या खात्यात गेला, आणि नाव मात्र अजून टिपेचेच. बहुतेक कंपन्या ती रक्कम कमी करण्याची मुभा देतात, त्यामुळे कर्मचाऱ्याचे उत्पन्न अजूनही काउंटरवर येणाऱ्या नाराज माणसाच्या हाती आहे. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ पासून अमलात आहे. त्याने दिवसाला चौदा आणि आठवड्याला बहात्तर तासांची कमाल मर्यादा घातली आहे. मर्यादाच एवढी, तर कामाचे स्वरूप काय असेल याचा अंदाज यावा.

दारूचा प्रवास याच काळात उलट दिशेने झाला. १९८४ मध्ये 'सी गॉडेस' या छोट्या आलिशान बोटीने पेये पुन्हा भाड्यात घातली. सीबोर्न, सिल्व्हरसी या आलिशान कंपन्यांनी टिपही घातली. मोठ्या बोटींवर २०१० नंतर पॅकेजे पसरली. कार्निव्हलच्या 'चिअर्स'मध्ये चोवीस तासांत मद्याचे पंधरा पेले ही मर्यादा, आणि केबिनमधल्या एका प्रौढाने घेतले तर दुसऱ्यानेही घ्यायचे. नॉर्वेजियनने 'फ्री ॲट सी' नावाने पॅकेज तिकिटासोबत मोफत दिले, पण त्याच्या छापील किमतीवर वीस टक्के टिप आगाऊ आकारली. दिवसाला वीस डॉलरच्या वर जाणारी ही रक्कम भरून 'मोफत' दारू घ्यायची. पन्नास वर्षे हिशेबतपासणी केलेल्या माणसालाही हे वाक्य दोनदा वाचावे लागेल. बोटीवरच्या विक्रीचे वजन आकड्यांत पाहायचे तर २०२३ मध्ये कार्निव्हल समूहाच्या सुमारे २१.६ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी ७.५ अब्ज तिकिटांव्यतिरिक्त आले, बार, कॅसिनो, सहली वगैरेंतून.

टिपेची सवय नसलेल्या बाजारांत हे गणित चालत नाही. जर्मन 'आयडा' आणि 'माइन शिफ' बोटींवर टिप भाड्यातच धरलेली असते. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये रोजची टिप बंद करून भाड्यात जमा केली, म्हणजे त्या जुन्या दरपत्रकापाशी परत. मग सगळा दोष झेंड्याचा का? तसेही नाही. 'प्राइड ऑफ अमेरिका' ही हवाईत फिरणारी बोट अमेरिकी झेंड्याची, कर्मचारी बहुतांश अमेरिकी, तिथले कायदे लागू, आणि सेवाशुल्क तिच्यावरही आहेच. झेंड्याने सवय लावली, पण ग्राहकाने ती अंगवळणी पाडून घेतली.

निष्ठावंत प्रवाशांच्या सवलतींत हा जुना गुंता अजून ताजा आहे. रॉयल कॅरिबियनवर डायमंड दर्जाला रोज चार पेये मोफत, डायमंड प्लसला पाच, पिनॅकलला सहा. पेल्याचे बिल शून्य, म्हणून त्यावरचे अठरा टक्केही शून्य. बारमागच्या माणसाला मात्र तेवढेच कॉकटेल हलवायचे असते. मुरलेले डायमंडवाले म्हणून खिशात एक-एक डॉलरच्या नोटांची गड्डी ठेवतात. न ठेवणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद असा की रोजची टिप तर कापलीच आहे.