फोर्ट डेव्हिस: तट नसलेला किल्ला आणि न पुसलेला निकाल

टेक्सासमधली मराठी मंडळी बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाला निघाली की वाटेत फोर्ट डेव्हिसला एक रात्र मुक्काम करतात, आणि तोही बहुतेक वेळा तारे बघायला. ऑस्टिनहून सात तास गाडी हाकायची, वाळवंटातून हळूहळू वर चढायचे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडे उंच, हजारेक वस्तीच्या या गावात उतरायचे. संध्याकाळी जवळच्या डोंगरावरची मॅकडोनाल्ड वेधशाळा, सकाळी परतीचा रस्ता. मधल्या वेळात कुणी गावाच्या कडेची जुनी लष्करी छावणी अर्ध्या तासात ‘करून’ येते. माझा रोख या अर्ध्या तासावर आहे. गावाला नाव दिले ते छावणीने, आणि अमेरिकी लष्कराच्या इतिहासातला एक निकाल इथे लागला, ज्याचा निकाल अजून पुरता लागलेला नाही.

निसर्गाबद्दल थोडक्यात. डेव्हिस पर्वतरांग सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींतून घडली. छावणीच्या डोक्यावरचे कडे बघताना अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवते. तेच उभे, एकमेकांना चिकटलेले दगडी खांब, फक्त रंग काळ्याऐवजी तांबूस. खाली चिवावा वाळवंटाचे गवत आणि निवडुंग, वर ओक आणि जुनिपर, सर्वांत उंच आठ हजार फुटांवर पाइन. कोरड्या सपाटीतून वर आलेल्या अशा रांगेला तिकडचे लोक ‘आकाशातले बेट’ म्हणतात, आणि शब्द अचूक आहे. पाऊस मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो, म्हणजे आपल्याच मोसमात. तेव्हा डोंगर हिरवे होतात, आणि इथे जायचे तर तेव्हाच जावे असे माझे मत आहे.

पाणी मात्र बारा महिने महत्त्वाचे होते. लिंपिया नावाचा ओढा इथून वाहतो. स्पॅनिशमध्ये लिंपिया म्हणजे स्वच्छ. मूळ रहिवाशांपैकी मेस्कालेरो अपाची ही जमात या वाटांवर वावरत होती आणि कोमांची जमातीचे लोक दक्षिणेकडे मेक्सिकोत धाडी घालायला या प्रदेशातून जात. सॅन अँटोनिओ ते एल पासो हा गाडीरस्ता 1849 नंतर वाहता झाला. कॅलिफोर्नियात सोने सापडले होते. माणसे, टपाल, बैलगाड्या आणि खेचरे, सगळ्यांनाच या ओढ्याशी थांबावे लागे. रस्त्याच्या रक्षणासाठी ऑक्टोबर 1854 मध्ये पायदळाच्या सहा तुकड्या इथे आल्या. तत्कालीन युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांचे नाव ठाण्याला मिळाले, मग डोंगरांना, गावाला आणि 1887 मध्ये नव्या काउंटीलाही, म्हणजे जिल्ह्यालाही. सात वर्षांतच हे युद्धमंत्री गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेचे अध्यक्ष झाले. नाव मात्र तसेच राहिले.

इथे एका शब्दाबद्दल सांगायलाच हवे, कारण मराठी माणसाची पहिली निराशा त्याच शब्दापाशी होते. ‘फोर्ट’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गड येतो: बुरूज, तटबंदी, चिलखती दरवाजा. इथे यातले काहीच नाही, आणि कधीच नव्हते. मुंबईच्या फोर्टला तट होता, तो 1860 च्या दशकात पाडला. फोर्ट डेव्हिसला पाडायलाही तट नव्हता. मोकळे मैदान, त्याच्या एका बाजूला अधिकाऱ्यांच्या घरांची ओळ, समोर शिपायांच्या बराकी, पलीकडे तबेले आणि कोठारे, एवढाच आराखडा. शत्रू वेढा घालील अशी भीती नव्हतीच. फौज बाहेर पडून रस्ते आणि पाणवठे राखायला होती. म्हणून ‘किल्ला’ हा शब्द सोडून ‘छावणी’ किंवा ‘लष्करी ठाणे’ म्हटले तर जागा लगेच समजते. पहिले ठाणे तर कड्यांनी वेढलेल्या दरीच्या आत वसवले होते. पाणी आणि हवा उत्तम म्हणून वरिष्ठ सेनापतीने जागा निवडली, आणि प्रत्यक्ष ठाण्याच्या अधिकाऱ्याला ती पसंत नव्हती, कारण कड्यावरून कुणीही न दिसता जवळ येऊ शकत होते. ज्याला तिथे राहायचे होते त्याचे म्हणणे बरोबर होते, असे कड्याखाली उभे राहिल्यावर वाटते.

यादवी युद्धात ठाणे ओस पडले आणि त्याची मोडतोड झाली. 1867 मध्ये घोडदळाची नववी रेजिमेंट आली आणि दरीच्या तोंडाशी, थोड्या मोकळ्यावर, नवे ठाणे उभे राहू लागले. आज दिसते ते हे दुसरे ठाणे: दगड आणि उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा. शंभराहून अधिक इमारती उठल्या. नववी आणि दहावी घोडदळ, चोविसावी आणि पंचविसावी पायदळ, या चारही रेजिमेंटचे शिपाई कृष्णवर्णीय होते. बरेचसे काही वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते. अधिकारी गोरे. 1885 पर्यंत या रेजिमेंटच्या तुकड्या इथे होत्या. दक्षिणेच्या अध्यक्षाचे नाव असलेल्या ठाण्याच्या भिंती त्यांनी रचल्या, त्याचे रस्ते राखले, तारायंत्राच्या तारा ओढल्या. ‘बफेलो सोल्जर’ हे नाव त्यांना मूळ रहिवाशांनी दिले असे सांगतात. आज ते अभिमानाने घेतले जाते, पण ज्यांच्या विरुद्ध हे शिपाई लढले त्या अपाचींची बाजू अशा अभिमानात झाकली जाते हेही खरे. 1880 च्या उन्हाळ्यात व्हिक्टोरियो या अपाची नेत्याचा पाठलाग करण्याऐवजी फौजेने वाळवंटातले पाणवठेच आधी जाऊन धरले. तहानेने त्याला मेक्सिकोत परत जावे लागले, आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या फौजेने त्याला ठार केले.

याच सुमारास ठाण्यावर हेन्री फ्लिपर आला. जॉर्जियात 1856 मध्ये गुलामगिरीत जन्मलेला, 1877 मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय. दहाव्या घोडदळात सेकंड लेफ्टनंट. ओक्लाहोमातल्या आधीच्या ठाण्यावर त्याने दलदलीचे पाणी काढून देणारा चर खणवला होता. त्याचे इंजिनीअरिंग पक्के होते. फोर्ट डेव्हिसला त्याच्याकडे सामानसुमानाचा आणि शिधापुरवठ्याचा कारभार आला. मार्च 1881 मध्ये नवा कमांडर आला. त्याने सामानाचे खाते लगेच काढून घेतले, शिध्याचे ठेवले. शिध्याचे पैसे फ्लिपर आपल्या खोलीतल्या ट्रंकेत ठेवत होता. जुलैमध्ये हिशेबात तूट निघाली.

पुढे त्याने जे केले ते त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही लपवू नये. तूट त्याने वरिष्ठांपासून दडवली. रक्कम सॅन अँटोनिओला पाठवली आहे असे खोटे सांगितले. भर घालायला 1,440 डॉलर 43 सेंटचा धनादेश लिहिला, आणि ज्या बँकेवर लिहिला तिथे त्याचे खातेच नव्हते. ऑगस्टमध्ये त्याला पकडून पहाऱ्याच्या कोठडीत टाकले. अधिकाऱ्याला सहसा स्वतःच्या खोलीत नजरकैदेत ठेवत, कोठडीत नाही. गावातल्या लोकांनी आणि मित्रांनी वर्गणी काढून तूट भरून दिली. सरकारचा एक सेंटही बुडाला नाही.

तरी कोर्ट मार्शल झाले. सप्टेंबरात उभे राहिले, डिसेंबरपर्यंत ठाण्याच्या चॅपेलमध्ये चालले. निवाडा करणारे सगळे गोरे अधिकारी होते. त्याचे वकीलपत्रही एका गोऱ्या कॅप्टननेच स्वतःहून घेतले, हे नोंदवले पाहिजे. आरोप दोन. पहिला, 3,791 डॉलर 77 सेंटची अफरातफर. दुसरा, अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन, म्हणजे खोटे बोलणे आणि तो धनादेश. निकाल असा: अफरातफरीतून निर्दोष, वर्तनाबद्दल दोषी. आणि शिक्षा? लष्करातून बडतर्फी.

वाद आहे तो या जोडीवर. चोरी केली नाही असे न्यायालय म्हणते आणि लगेच चोराला देतात तशी शिक्षा देते. त्या काळातच लष्कराच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याने शिक्षा सौम्य करावी असा अभिप्राय दिला होता. राष्ट्राध्यक्षांनी तो मानला नाही. 30 जून 1882 रोजी फ्लिपर लष्कराबाहेर गेला. पुढची अनेक वर्षे त्याने मोजणीदार आणि खाण-इंजिनीअर म्हणून अमेरिकेच्या नैर्ऋत्येत आणि मेक्सिकोत काम केले. 1898 पासून तो काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, न्याय मागत राहिला. 1940 मध्ये अटलांटात वारला, तेव्हाही तो कागदोपत्री बडतर्फच होता.

1976 मध्ये लष्कराच्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाने शिक्षा अवाजवी कठोर ठरवली आणि बडतर्फीऐवजी सन्मानपूर्वक सेवामुक्ती अशी नोंद केली. पण दोषी ठरवणारा निकाल रद्द करण्याचा अधिकार मंडळाला नव्हता, त्यामुळे निकाल जागेवरच राहिला. 19 फेब्रुवारी 1999 रोजी राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. मृत व्यक्तीला राष्ट्राध्यक्षांनी माफी देण्याची ती पहिलीच वेळ. बातम्यांत, पर्यटन पुस्तिकांत आणि वाटाड्यांच्या बोलण्यातही तेव्हापासून ‘फ्लिपर निर्दोष ठरला’ असे सर्रास येते. हे चूक आहे. माफी गुन्ह्याला मिळते. गुन्हा झालाच नाही असे म्हणायचे तर त्याला निर्दोष मुक्तता म्हणतात, आणि ती त्याला फक्त अफरातफरीच्या आरोपावर मिळाली, तीही 1881 मध्येच, त्याच न्यायालयाकडून. आपल्याकडेही ‘शिक्षा माफ झाली’ आणि ‘निर्दोष सुटला’ यांत कुणी गल्लत केली तर गावातला कुणीही वकील ती दुरुस्त करील. तो खोटे बोलला हे मला मान्य आहे. तेवढ्यासाठी त्याचा पेशा संपवणे मला मान्य नाही, आणि त्याचा रंग वेगळा असता तर तो संपला असता असे मला वाटत नाही.

रेल्वे 1880 च्या दशकाच्या आरंभी आली, पण डोंगर टाळून दक्षिणेकडून मार्फा आणि अल्पाइनवरून गेली. तेव्हाच्या जिल्ह्याचे ठिकाण 1885 मध्ये इथून मार्फाला गेले. रस्त्यासाठी वसवलेल्या छावणीला आता रस्ता उरला नाही, आणि 1891 मध्ये ती बंद झाली. गाव मागे राहिले ते गुरांच्या चराईवर आणि थंड हवेवर. उकाड्याने त्रासलेली शहरातली कुटुंबे उन्हाळा घालवायला येऊ लागली. 1930 च्या मंदीत बेकार तरुणांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून जवळच्या दरीत जाड मातीच्या भिंतींचे पांढरे विश्रामगृह बांधले गेले. ते ‘इंडियन लॉज’ नावाने आजही चालू आहे.

वेधशाळेची सुरुवात एका मृत्युपत्रातून झाली. टेक्सासच्या ईशान्येकडच्या एका बँकमालकाने 1926 मध्ये मरताना आपली बहुतेक संपत्ती दुर्बिणीसाठी राज्याच्या विद्यापीठाला ठेवली. नातेवाईक कोर्टात गेले आणि शेवटी तडजोड झाली. विद्यापीठाकडे त्या वेळी खगोलशास्त्रज्ञच नव्हते, म्हणून शिकागोच्या विद्यापीठाशी तीस वर्षांचा करार झाला. 1939 मध्ये 82 इंची दुर्बीण सुरू झाली तेव्हा ती जगात दुसऱ्या क्रमांकाची होती. 1997 मधली मोठी दुर्बीण 91 षटकोनी आरशांची आहे. ती वर-खाली झुकत नाही, फक्त गोल फिरते. तिच्याच धर्तीवर दक्षिण आफ्रिकेत साल्ट ही दुर्बीण उभी राहिली, आणि साल्टच्या भागीदारांत पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. पुण्यातला विद्यार्थी साल्टवरून आलेला वर्णपट तपासतो तेव्हा त्या यंत्राची मोठी बहीण याच डोंगरावर असते. उत्तरेकडच्या तेलक्षेत्रांतल्या मशाली आणि दिवे इथल्या क्षितिजावर उजळू लागले, तेव्हा अंधार राखण्याची मोहीम वाढली. 2022 मध्ये मेक्सिकोच्या सीमेच्या दोन्ही बाजूंचा 15,000 चौरस मैलांहून मोठा प्रदेश आंतरराष्ट्रीय राखीव अंधारक्षेत्र म्हणून मान्य झाला. त्याआधी एप्रिल 2011 मध्ये मार्फाजवळ लागलेला वणवा वाऱ्याबरोबर या गावात शिरला होता. तीन लाखांहून अधिक एकर जळाले, गावातली घरे गेली.

छावणी मधली सत्तर वर्षे खासगी मालकीची होती. 1961 मध्ये केंद्राने ती राष्ट्रीय स्थळ म्हणून घेण्याचा कायदा केला, 1963 मध्ये ती रीतसर सुरू झाली. छपरे पुन्हा चढली, अधिकाऱ्यांच्या घरांना व्हरांडे आले, एका बराकीत लोखंडी खाटा मांडल्या. 1875 च्या संध्याकाळच्या संचलनाचे नव्याने तयार केलेले ध्वनिमुद्रण मैदानावर कर्ण्यांतून वाजवतात. बिगुल, घोड्यांच्या टापा, हुकूम, आणि समोर मात्र रिकामे गवत. बऱ्याच इमारती मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. तिथल्या मातीच्या भिंतींना पावसाने पन्हळ पाडले आहेत. जवळ जाऊन पाहिले तर विटेत मिसळलेल्या गवताच्या काड्या अजून दिसतात. चॅपेल पुन्हा उभारलेले नाही. त्याचा दगडी पायाच शिल्लक आहे. खोली केवढी होती, आरोपी आणि न्यायाधीश एकमेकांपासून किती हातांवर बसले असतील, याचा अंदाज त्यावरून करता येतो.