आधी ४९५, मग ६१७४

दरवर्षी २२ डिसेंबर जवळ आला, म्हणजे रामानुजन यांची जयंती, राष्ट्रीय गणित दिवस, की शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फॉरवर्ड फिरायला लागतो. ‘कोणतीही चार अंकी संख्या घ्या, शेवटी ६१७४ च येणार, शास्त्रज्ञही थक्क!!’ खाली हात जोडलेले दहाबारा इमोजी. थक्क व्हायला माझी काही हरकत नाही, मीही होतो, पण शेवटी ‘यामागचं गूढ आजवर कोणालाही उलगडलेलं नाही’ असं जे चिकटवलेलं असतं ना, त्याने डोकं फिरतं. अहो उलगडलंय की. आठवीच्या मुलांना फळ्यावर दाखवता येईल इतपत आहे ते, आणि पाचवीच्या वर्गालाही त्यातलं बरंच दाखवता येतं, फक्त सुरुवात ६१७४ पासून करायची नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी कृती. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, मोठीतून लहान वजा करा, आणि जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. २०२५ घेऊ.

५२२० − ०२२५ = ४९९५
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, म्हणजे आता इथेच मुक्काम. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथे येतोच. हे शोधलं आपल्या द. रा. कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, १९०५ चा, शिक्षण फर्ग्युसनला, आणि १९३० पासून १९६२ ला रिटायर होईपर्यंत देवळालीत शाळामास्तर. एमए नाही, पीएचडी नाही. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं, आणि १९७५ मध्ये गणितावर सोपं लिहिणारे लेखक मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात लिहिल्यावर जगभर नाव झालं. आपल्याकडे त्याआधी किती जणांनी त्यांना सिरियसली घेतलं तो विषय वेगळा.

आता वर्गाकडे. बहुतेक ठिकाणी होतं काय, सर कृती सांगतात, मुलं वजाबाक्या करतात, सगळ्यांचं ६१७४ येतं, टाळ्या, फोटो, उपक्रम संपला. ‘का येतं?’ हा प्रश्न एखादं पोरगं विचारतं आणि त्याला ‘तीच तर गंमत आहे’ असं उत्तर मिळतं. सोन्यासारखी संधी घालवली हो! म्हणून मी म्हणतो आधी तीन अंकी संख्या घ्या.

कृती तीच. ७३१ घेतला तर ७३१ − १३७ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५, मग पुन्हा ४९५. आता सगळ्या वर्गाला पुढे जाऊ देऊ नका. फक्त पहिली वजाबाकी करायची आणि एकेकाने येऊन आपलं उत्तर फळ्यावर लिहायचं. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर चाळीस वेगळ्या संख्या घेतलेल्या असतात, आणि फळ्यावर तीच तीच उत्तरं यायला लागतात. ३९६, ६९३, ५९४, परत ३९६. मागच्या बाकावरून ‘सर, याने माझी कॉपी केली’ अशी तक्रार हमखास येते. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की मधे कायम ९ च आहे, आणि थोड्या वेळाने हेही, की कडेच्या दोन अंकांची बेरीजसुद्धा ९ च होते. इथे शिक्षकाने गप्प बसायचं, फार अवघड आहे पण बसायचं.

कारण स्थानिक किंमतीत आहे. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क असतील तर मोठी संख्या १००अ + १०ब + क आणि लहान १००क + १०ब + अ. वजा केलं की मधला ब उडाला! उरलं ९९ × (अ − क). म्हणजे उत्तर फक्त कडेच्या दोन अंकांच्या फरकावर ठरतं, बाकी कशावरही नाही. आणि हा फरक १ ते ९ एवढाच असू शकतो, म्हणून उत्तरंही नऊच: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. शंभर ते ९९९ मधल्या सारख्या अंकांच्या नऊ संख्या सोडल्या तर राहतात ८९१ (हा आकडा यादीतही आहे तो निव्वळ योगायोग, लगेच रील बनवू नका), आणि त्या सगळ्या पहिल्याच वजाबाकीत नरसाळ्यातून ओतल्यासारख्या या नऊ संख्यांत येऊन पडतात. सगळी मेख या पहिल्या पायरीत आहे.

पुढचं काम नऊ मुलांना वाटून द्या, प्रत्येकाने आपल्या संख्येची एकच वजाबाकी करायची आणि बाण काढायचा. ०९९ → ८९१ → ७९२ → ६९३ → ५९४ → ४९५ अशी एक लांब साखळी होते, आणि १९८ येऊन ७९२ ला मिळतो, २९७ येऊन ६९३ ला, ३९६ येऊन ५९४ ला. संपलं. आता कोणतीही तीन अंकी संख्या ४९५ ला का जाते याची ही पूर्ण सिद्धता आहे, अर्धवट नाही, पाचवीच्या मुलांनी दहा मिनिटांत खडूने काढलेली.

मला स्वतःला याच्या आतलं यंत्र जास्त आवडतं. कडेच्या अंकांचा फरक फ म्हणू. पहिल्या वजाबाकीनंतर अंक होतात (फ − १), ९ आणि (१० − फ). यात मोठा अर्थातच ९, मग नवा फरक म्हणजे ९ वजा उरलेल्या दोघांतला लहान. हिशोब केला तर नियम असा निघतो: फ पाचापेक्षा मोठा असेल तर पुढच्या वेळी एकने कमी होतो, आणि पाच किंवा लहान असेल तर १० मधून वजा होतो. ९, ८, ७, ६, ५. आणि ५ ला १० मधून वजा केलं की पुन्हा ५, म्हणून तिथे गाडी थांबते. ९९ × ५ = ४९५.

चार अंकींना हेच, फक्त एक पायरी जास्त. अंक अ, ब, क, ड उतरत्या क्रमाने, तर वजाबाकी येते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). आता दोन फरक आले, कडेचा आणि मधला, आणि मधला कडेच्यापेक्षा मोठा असू शकत नाही. मोजलं तर अशा जोड्या ५४ च निघतात. त्यातही बऱ्याच उत्तरांतले अंक तेच, नुसते जागा बदललेले, ते एकत्र केले तर ३० वेगळे गट उरतात. कडेचा फरक ६, मधला २ : ९९९ × ६ + ९० × २ = ५९९४ + १८० = ६१७४. आणि ६१७४ चे अंक लावले ७, ६, ४, १, तर कडेचा फरक परत ६, मधला परत २. आठवीच्या वर्गाला तीस चिठ्ठ्या वाटून बाणांचा तक्ता करून घेता येतो, दोन तास जातात, पण भिंतीवर लावायला काहीतरी खरं मिळतं.

आता ते अंकशास्त्रवाले. त्यांचं म्हणणं ६ + १ + ७ + ४ = १८, १ + ८ = ९, नऊ म्हणजे मंगळ, म्हणून ही संख्या शक्तिशाली वगैरे. अरे पण कुठल्याही संख्येतून तिच्याच अंकांची अदलाबदल करून वजा केलं तर उत्तर नऊच्या पटीतच येणार, वरच्या सूत्रात ९९९ आणि ९० दिसतायत की! मग मंगळ तुमच्या किराणा बिलातसुद्धा निघेल. शिवाय हे सगळं आपण दहाच्या पायावर मोजतो म्हणून आहे. आठच्या पायावर, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरून लिहिलं, तर तीन अंकींचा मुक्काम ३७४ ला होतो (७४३ − ३४७ = ३७४, पण हातचा घेताना दहा नाही, आठ घ्यायचे). ज्यांना हा कंस डोक्यावरून गेला त्यांनी सोडून द्या, पुढे काही अडत नाही. गंमत म्हणजे कापरेकरांच्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता आणि आकडेमोडीची गोडी मुलाला तिथूनच लागली म्हणतात. मुलाने कुंडल्या बाजूला ठेवल्या आणि आकडेमोड तेवढी उचलली.

वर्गात करताना दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे शून्य. २१११ घेतलं तर २१११ − १११२ = ९९९ येतं आणि मुलं ९९९ च लिहितात, मग ९९९ − ९९९ = ० आणि ‘सर माझं चुकलं’. तिथे ०९९९ लिहायला लावा, पुढे ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४ असं नीट जातं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बरेच जण सांगतात की ६१७४ आलं म्हणजे मुलाच्या वजाबाक्या बरोबर. साफ चूक! मधे एखादा हातचा विसरला आणि भलतीच संख्या आली, तरी तीही चार अंकी संख्याच ना, तीही फिरून ६१७४ लाच जाणार (चारही अंक सारखे आले नाहीत तर). कच्च्या मुलांच्या दृष्टीने हे छानच आहे, कारण शेवटपर्यंत पोचतात, कुणी हसत नाही. पण तपासायचं असेल तर शेवटचं उत्तर बघून उपयोग नाही, प्रत्येक ओळीच्या अंकांची बेरीज करायला सांगा. ९ ने भाग गेला नाही की चूक त्याच ओळीत. भाग गेला तरी शंभर टक्के खात्री नाही, पण हातच्याच्या बहुतेक चुका यात सापडतात, आणि ९ ची कसोटी मुलं एरवी नुसती पाठ करतात ती इथे कामाला येते.

‘दोन अंकी घेतली तर?’ हे कुणीतरी विचारणारच. तिथे मुक्काम नाही, चक्कर आहे: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. पाच अंकींनाही एक ठिकाण नाही, वेगवेगळी चक्रं आहेत, त्यातलं सगळ्यात छोटं ५३९५५ आणि ५९९९४ या दोघांचं. ९५५५३ − ३५५५९ करून बघा, आणि मग उरलेली दोन चक्रं वर्गालाच शोधू द्या, दोन्हींत चार-चार संख्या आहेत.